सहाव्या मुक्कामाचे मोजे

आमच्या म्हाताऱ्याचं कौतुक अख्ख्या बुढी गंडकीच्या खोऱ्याला आहे, एक मला सोडून. धनजीत पुन म्हटलं की माणसं आपोआप हसायला लागतात, चुलीजवळची जागा मोकळी करतात, कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत मेली. आणि मी त्याची लग्नाची बायको, मनरूपा. माझं नाव जरा विचारून बघा वरच्या गावांतून. म्हणतील, "धनजीतदादाची बायको ना? आहे वाटतं कुणीतरी खाली."

कुणीतरी! तीस वर्षं म्हैस सांभाळली, पोर वाढवलं, सासूचं केलं, आणि मी कुणीतरी.

आमचं गाव आरुखर्क. इथून नदी धरून वर निघालं की सहा दिवसांत सहा गावं लागतात, सातव्या दिवशी खिंड, आणि खिंडीपलीकडे दुसऱ्यांचा मुलूख. म्हातारा चौदा वर्षांचा असताना पाठीवर डोको, म्हणजे वेताची उंच टोपली, आणि कपाळावर तिचा पट्टा घेऊन पहिल्यांदा ह्या वाटेला लागला. आधी भारवाहक, मग गोऱ्या पाहुण्यांच्या तंबूत भांडी घासणारा, मग आचारी, मग वाटाड्या. चव्वेचाळीस वर्षं तो ह्याच सहा गावांतून वर गेला आणि ह्याच सहा गावांतून खाली आला. अंगानं वाळका, नाक चपटं, एका खांद्यावर कायम काळी छत्री. दिसायला काही नाही हो, खरंच काही नाही. पण बोलणं! पहिल्या गावातल्या आजीचा चष्मा दुरुस्त करून आणणार, दुसऱ्या गावातल्या पोरीला जांभळा दोरा, तिसऱ्या गावात कुणाच्या म्हशीला काय झालं ते चौथ्या गावात सांगणार. वाट बघायचे लोक त्याची.

आणि थट्टा. जिच्याशी थट्टा केलेली चालते अशा नात्यातल्या बाईला आमच्याकडे सोल्टिनी म्हणतात. साध्या माणसाला अशा चार-पाच असतात. आमच्या म्हाताऱ्याला खोऱ्यात चाळीसेक. "सोल्टिनी, अजून माझी वाट बघत बसलीस?" असं ओरडतच तो गावात शिरायचा म्हणे, आणि त्या दात काढत, पदर सावरत दारात यायच्या. हे मला सगळं कळायचं. खेचरवाले येता-जाता आमच्या अंगणात थांबायचे आणि मीठमसाला लावून सांगायचे.

मला काही वाटत नव्हतं असं म्हणाले तर साफ खोटं होईल. जळायचे मी. नव्या नवरीची असल्यापासून जळायचे. शेजारणीनं एकदा नुसतं म्हटलं, "तुझा नवरा काय बाई, गावोगाव सासुरवाडी," आणि मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही आणि स्वतः जेवलेही नाही.

तेव्हाच तर मी तो निरोप धाडला.

ही माझी आवडती गोष्ट. सगळ्या बायकांना मी ती शंभरदा सांगितली होती. लग्नाला चार वर्षं झाली होती, पोर दोन वर्षांचं. दसरा पंधरा-सोळा दिवसांवर आला होता. म्हातारा, म्हणजे तेव्हाचा तरणाताठा धनजीत, पाहुण्यांना घेऊन वर गेला होता. माझ्या डोक्यात खूळ शिरलं, की बघू या तरी, माझ्यासाठी येतो का. एक खेचरवाला वर निघाला होता. त्याला म्हटलं, "आमच्या माणसाला सांग, बायकोच्या पोटात असं उठलंय की ती जगत नाही. तोंड बघायचं असेल तर ये."

खेचरवाला घाबरला. म्हणाला, "पण वहिनी, तू तर चांगली उभी आहेस की!"

"तुला सांगितलं तेवढं कर."

आणि बाई गं, आला! सहा दिवसांची वाट त्यानं तीन दिवसांत तोडली. पाहुण्यांना सहाव्या मुक्कामी कुणा गावकऱ्याच्या हवाली करून धावत आला. मी अंगणात कोदो, म्हणजे आमची नाचणी, पाखडत बसले होते. केसांना तेल, गळ्यात पोवळ्यांची माळ. पायऱ्यांखाली तो दिसला, गुडघे फुटलेले, ओठ पांढरे पडलेले. मला बघून तो तिथंच थांबला. मी सूप तोंडापुढे धरून हसले. तो हळूहळू वर आला, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसला. शब्दानं रागावला नाही. मला वाटलं, जिंकले मी. सगळ्या सोल्टिनी एकीकडे आणि मी एकीकडे.

पाच दिवस घरी होता. पाचव्या दिवशी वरच्या बाजूचा, लांब लोकरी अंगरख्यातला एक माणूस आला. अंगणाच्या भिंतीपाशी दोघं काहीतरी बोलले. म्हातारा आत आला आणि बूट चढवायला लागला.

"कुठं?"

"वर."

"अहो, दसरा उद्यावर आलाय! बोकड बांधलाय दारात!"

"जाऊन येतो."

दसऱ्याचा टिळा न लावता गेला. दसरा गेला, पौर्णिमा गेली, हा माणूस नाही. महिन्यानं उगवला तो गालफडं बसलेला, उजव्या पायाचा अंगठा काळाठिक्कर. विचारलं तर म्हणे दगड पडला. कुठं होतात एवढे दिवस? म्हणे, "पांगसिंगला. एक घर आहे तिथं, त्यांच्याकडे." बस्स. आणि मान खाली.

आता आमच्याकडे एक गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पुरुष ज्या बाईची भर चौकात थट्टा करतो, तिथं काही नसतं. जिचं नाव निघालं की त्याची मान खाली जाते, तिथं पाणी मुरतं. पांगसिंग म्हणजे सहावा मुक्काम. खेचरवाल्यांना खोदून खोदून विचारलं. घर यांगजोम नावाच्या बाईचं. नवरा नाही. म्हातारी सासू आणि ती. झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी खोटं सांगून ओढून आणलेला माणूस पाच दिवसांत तिनं परत नेला!

पुढच्या वर्षापासून मोजे सुरू झाले. जाताना जुने घालून जायचा, येताना पायात नवे. जाड लोकरीचे, हातानं विणलेले, वर दोन तांबडे पट्टे. आणि उजव्या मोज्याला अंगठ्याच्या जागी वीण मुद्दाम सैल सोडलेली, दुखावलेला अंगठा बरोबर मावेल एवढी. सांगा मला, परक्या बाईला माझ्या नवऱ्याचा अंगठा कसा माहीत?

पहिली जोडी मी गरम कढई उतरवायला घेतली. दुसरी कुत्र्याला दिली. तो पुढच्या वर्षी तिसरी घेऊन आला. मग मी स्वतः विणायला बसले. चार महिने खपून एक मोजा झाला, तो ना उजव्या पायात जाईना ना डाव्या. सून आल्यावर तिनं त्यात काकडीचं बी ठेवलं.

"एवढं काय आहे तिच्या घरात?" मी दर वर्षी विचारायचे.

"काही नाही. म्हातारं माणूस आहे, लाकडं नसतात."

"आमच्याकडे आहेत वाटतं लाकडं फोडलेली?"

ह्यावर छत्री उचलून बाहेर. पंचवीस वर्षं असंच चाललं. पंचवीस जोड्या मोजे.

मग म्हाताऱ्याचे गुडघे गेले. आता वर जायला तंबूही लागत नाहीत, गावोगाव खोल्या झाल्यात, पण गुडघे कुणाचे आणायचे? अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यानं जाहीर केलं, "पाहुणे बंद. एकदा जाऊन सगळ्यांना हात जोडून येतो, मग बसतो घरी."

मी भांडी घासत होते. मान वर न करता म्हटलं, "मीही येणार."

त्यानं तोंडाला लावलेला चहा खाली ठेवला. मी बरोब्बर बघितलं.

"तू? तुला नाही झेपायचं. दम लागतो वर. डोकं धरतं."

"तुमच्या सोल्टिनींना झेपतं ते."

"त्या तिथल्याच आहेत!"

"म्हणूनच म्हटलं, बघून येऊ."

"म्हैस?"

"सून आहे."

तो म्हणाला, "मनरूपा, नको येऊस." असा माझं नाव घेऊन तो कधी बोलत नाही. आता तर मी देवानं येऊन सांगितलं असतं तरी थांबले नसते. खरं काय ते एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं मला. वर दुसरी चूल असली तर खाली येऊन माझी वेगळी मांडायची, एवढं मनाशी ठरवूनच मी पिशवी भरली.

पहिला दिवस पायऱ्यांचा. उतरायचं नदीपर्यंत आणि पुन्हा तेवढंच चढायचं. समोरून खेचरं आली की डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं, नाहीतर थेट गंडकीत. म्हातारा काठी टेकत पुढे, मी मागे. दर दहा पावलांवर कुणीतरी त्याला हाका मारणार. पहिल्या मुक्कामी चष्मेवाल्या आजीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडायलाच लागली, "आता माझी दृष्टी कोण आणणार रे?" नव्वदीची बाई. तिच्यावरही जळले मी, आता काय सांगू.

दुसऱ्या मुक्कामी चिजमाया गुरुंग. हिचं नाव मी वीस वर्षं ऐकत होते. गोरी, भरलेली, कानांत सोन्याच्या चकत्या. म्हाताऱ्यानं फाटकातूनच सुरू केलं.

"सोल्टिनी! शेवटचं विचारतो, येतेस का माझ्याबरोबर?"

"येते की! पण तुझ्यामागं ही कोण उभी आहे डोळे वटारून?"

"ही होय? ही माझी काठी धरायला आणलीय."

चिजमाया खदाखदा हसली आणि मला हाताला धरून आत घेऊन गेली. कोदोच्या पिठाचा घट्ट ढिंडो वाढला, वर तुपाची धार, आंबवून वाळवलेल्या पाल्याचं, गुंद्रुकचं, गरम पातळ. समोर बसून म्हणाली, "दिदी, तुझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षं मला पळवून न्यायचं वचन दिलं आणि एकदाही नेलं नाही. मेल्याला लाज नाही." मला हसू आलं. चिजमायाबद्दलचं वीस वर्षांचं जळणं तिथंच त्या तुपाबरोबर वितळलं. इथं काही नाही, हे दिसतच होतं.

पण उठता उठता ती म्हणाली, "वर पांगसिंगला जाताय ना? तिला माझा नमस्कार सांग. देवमाणूस आहे बाई तुझा. दर वर्षी हिवाळ्याची लाकडं फोडून दिल्याशिवाय तिथून हलत नाही."

मी म्हटलं, "हो का." गुंद्रुकची वाटी तशीच खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी भातशेती संपली, चौथ्या दिवशी मका संपला. देवदारातून वाट. पाचव्या दिवशी झाडंच बुटकी झाली आणि माझं डोकं ठणकायला लागलं. म्हाताऱ्यानं लसणाचं पाणी पाजलं. म्हणाला, "हळू चाल. इथं घाई करणारा मरतो." प्रत्येक गावात थट्टा, हशा, निरोप, डोळ्यांत पाणी. आणि मी बघत होते. जसजसं पांगसिंग जवळ यायला लागलं तसतसा म्हातारा गप्प होत गेला. सहाव्या दिवशी सकाळपासून एक शब्द नाही. शेवटच्या वळणावर मंत्र कोरलेल्या मणीच्या दगडांची लांब भिंत आहे, तिथं थांबून त्यानं तोंड पुसलं, टोपी नीट केली आणि शर्टाची वरची गुंडी लावली.

गुंडी लावली! माझ्या लग्नात लावली नव्हती त्यानं.

"नवरदेव," मी म्हटलं, "चला."

तो काठी टेकत पुढे निघाला.

यांगजोमचं घर गावाच्या टोकाला, दगडी, बुटकं. दुपारचं ऊन छपरावर पसरलं होतं. दारात एक बाई बटाटे निवडत बसली होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी. पुढचे दात गेलेले, तोंड वाऱ्यानं रापून सुकलेलं, हात हे एवढाले. मला वाटलं होतं, कुणी देखणी असेल. देखणी असती तर बरं झालं असतं, निदान समजलं तरी असतं. ह्या बाईसाठी दसरा टाकला?

म्हातारा दाराच्या अलीकडेच थांबला. टोपी काढली, हात जोडले, नजर जमिनीवर. थट्टा नाही, हाक नाही.

ती उठून उभी राहिली. तिनंही डोक्यावरून पदर ओढला आणि बाजूला बघत म्हणाली, "आलात, मीतज्यू?"

मीतज्यू.

मीत म्हणजे देवासमोर, टोप्या बदलून केलेला भाऊ. सख्ख्या भावाच्या बायकोची थट्टा चालते एक वेळ, पण मीताच्या बायकोची, मीतिनीची, नाही. तिला हात लावायचा नाही, तिच्या डोळ्यांत बघायचं नाही, मीत गेला तर त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही. म्हणून मान खाली. पंचवीस वर्षं मी त्या खाली गेलेल्या मानेचा नको तो अर्थ लावत बसले होते. आमच्यातलं शेंबडं पोरही तोच अर्थ लावील, पण म्हणून काय झालं.

मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, सुटले. दुसरी चूल नाही.

"आणि ही... मीतिनी ना?" यांगजोमनं माझ्याकडे बघितलं आणि मातीचे हात पुसले. "आणलीत शेवटी. किती वर्षं म्हणतेय, एकदा दाखवा."

म्हातारा पुटपुटला, "लाकडं बघतो," आणि घरामागे गेला. जाताना एकदाच माझ्याकडे बघितलं. असा केविलवाणा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तिनं मला चुलीजवळ, चांगल्या गालिच्यावर बसवलं. लोणी-मिठाचा चहा घुसळला. बाहेरून कुऱ्हाडीचे आवाज यायला लागले. वाटी माझ्या हातात देऊन ती समोर बसली आणि सावकाश बोलायला लागली.

"त्या साली चैतात तुझ्या माणसानं आणि आमच्यांनी मीत लावला. लामानं दोरा बांधला. आमचे म्हणाले होते, दसऱ्याला खाली जातो मीताच्या घरी, मीतिनीच्या हातचं मटण खायला, तोवर तिला काही सांगू नका, एकदम दारात उभा राहतो. असे होते ते. हसरे."

मी चहा प्यायले. खारट होता.

"मग तो खेचरवाला आला. मीतिनी मरायला टेकलीय म्हणून. तुझा माणूस इथंच बसला होता, तू बसलीयस ना, तिथं. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून न्यायचं होतं. काय करावं त्याला सुचेना. आमचे म्हणाले, तू जा खाली. पाहुणे मी नेतो. आमचे काही वाटाडे नव्हते गं, याकवाले होते. पण खिंड माहीत होती. पाहुण्यांना पलीकडे नीट पोचवलं. एकटे परत येताना बर्फानं गाठलं."

कुऱ्हाडीचे आवाज चालूच होते.

"निरोप मिळाल्यावर तुझा माणूस आला धावत. गावकऱ्यांबरोबर वर गेला. दुसऱ्या दिवशी सापडले. आणायला हाच पुढे होता. पायाचा अंगठा गेला होता गोठून. मला हात लावायचा नसतो ना, म्हणून सासूनं त्याचा पाय मांडीवर धरून कोमट पाण्यात ठेवला. मी नुसतं लांबून बघून घेतलं. तेरा दिवस त्यानं सख्ख्या भावासारखं सुतक पाळलं. मीठ नाही खाल्लं. मी चहासुद्धा अळणी करायचे."

त्या साली खिंडीत एक माणूस गेल्याचं मीही ऐकलं होतं. दोन-चार वर्षांनी कुणी ना कुणी जातंच. बरं झालं आपला माणूस खाली होता, असं म्हणून मी देवाला नारळ ठेवला होता.

यांगजोम पुढे सरकली. तिनं तो एवढा मोठा, खरबरीत हात माझ्या पोटावर ठेवला.

"काय झालं होतं गं तुला? ह्यांना विचारलं की म्हणतात, बायकी दुखणं, मला नाही कळत. पण बरी झालीस ना?"

बाहेर कुऱ्हाड थांबली.

मला कळलं, भिंतीपलीकडे तो कुऱ्हाड हातात धरून उभा आहे. पंचवीस वर्षं ज्याच्या भीतीनं त्यानं मला इथं आणलं नव्हतं, ते हेच होतं. आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मी दर वर्षी विचारते," ती म्हणाली, "मीतिनी कशी आहे? ते म्हणतात, ठणठणीत. मग मला बरं वाटतं. म्हणते, चला, एक गेला पण एक राहिली. त्यांचं जाणं अगदीच फुकट नाही गेलं."

कोदो. मी कोदो पाखडत होते. केसांना तेल लावून.

"आतडं पिरगळलं होतं," मी म्हटलं. आवाज माझाच होता. "वाचेन असं कुणाला वाटत नव्हतं. झाँक्रीनं, आमच्या भगतानं, दोन दिवस ढोल वाजवला. ह्यांचा पाय घरात पडला आणि उतार पडला."

"बघ!" ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "बघ, मी म्हणतच होते सासूला. माणूस बघून जीव परत येतो."

कुऱ्हाड पुन्हा सुरू झाली. पंचवीस वर्षांपूर्वी जी थाप मी खेचरवाल्याच्या हाती धाडली होती, ती आता स्वतः सहा मुक्काम चालून येऊन मी तिच्या हातात दिली. आणि ती घेऊन ती बाई सुखानं रडत बसली.

थोड्या वेळानं मी घरामागे गेले. म्हातारा घामेजला होता. लाकडांची छातीएवढी रास रचली होती.

"का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. "मला एक कानाखाली तरी द्यायची होतीत!"

तो ओंडक्यावर बसला. गुडघे चोळत म्हणाला, "काय सांगायचं? तू मरत नव्हतीस, हे मला पायऱ्यांखालूनच दिसलं होतं. तेव्हा मला एवढा आनंद झाला होता, मनरूपा, की राग आलाच नाही. पाच दिवस आनंदात होतो मी घरी. आणि त्या पाच दिवसांत हा इथं वर..." त्यानं खिंडीकडे हात केला. नाव घेतलं नाही. "तो आनंद झालेला मी कुणाला सांगू?"

मी त्याच्याजवळ लाकडाच्या ढलप्यांत बसले. त्याच्या खांद्याला हात लावायला गेले आणि धीर झाला नाही.

निघताना यांगजोमनं त्याची त्या वर्षीची जोडी दिली. मग मला म्हणाली, "पाय पुढे कर." जमिनीवर बसून तिनं माझा पाय मांडीवर घेतला, वितीनं मोजला, बोटं मोजली, टाच चाचपली. मी पाय ओढून घ्यायला हवा होता. नाही घेतला.

ह्याला आता तीन वर्षं झाली. म्हातारा घरी असतो, अंगणात छत्री घेऊन बसतो, जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांना सोल्टिनी म्हणून हाका मारतो. मला त्याचं काही वाटत नाही. पण जळणं काही गेलं नाही माझं. आता मी त्या यांगजोमवर जळते, आणि आधीपेक्षा जास्त जळते. तिचं दुःख स्वच्छ आहे. ती कुणाच्याही समोर ते काढून दाखवू शकते, त्यावर रडू शकते. माझ्याजवळ आहे ते मला कुणाला दाखवता येत नाही, आणि ती अंगणातली गोष्ट मी आता कुठल्याही बायकांना सांगत नाही.

दसऱ्याच्या आधी एक खेचरवाला वरून येतो. पिशवीतून मोज्यांच्या दोन जोड्या काढतो, एक मोठी, एक लहान. दोन्हींना वर तांबडे पट्टे. आणि म्हणतो, "वहिनी, पांगसिंगच्या म्हातारीनं विचारलंय, पोट कसं आहे?"

मी कोदो पाखडत असते. सूप खाली ठेवते आणि म्हणते, "बरं आहे म्हणावं."